पहिल्या झाडाचा चुना

स्काला, ८ एप्रिल २०२०

प्रिय अर्गिरिस,

आधी सगळ्यांची खुशाली विचारते, मग बाकीचं.

तुझे गुडघे कसे आहेत? मिर्तोने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं की बाबा जिना चढताना प्रत्येक पायरीला शिवी देतात. दे बापडा. शिवीने गुडघा बरा होत नाही, पण पायरी सरते. ब्रिगिटेचा दमा कसा आहे? तिला म्हणावं, या दिवसांत बाजारात जाऊ नकोस, बटाट्यांवर भागव. मिर्तो अजून त्या इस्पितळातच आहे का रे? टीव्हीवर नर्सा दिसल्या की मी त्यांच्यात तिला शोधते. सगळ्यांची तोंडं झाकलेली, त्यामुळे मला सगळ्याच मिर्तो वाटतात. तिच्या धाकट्याला दात आले का? मोठा अजून माशाला घाबरतो का?

आणि शेवटी विचारते, तुझा राग कसा आहे? त्याचंही आता वय झालं असेल. त्यालाही काठी लागत असेल.

तू म्हणशील, म्हातारीला इतक्या वर्षांनी पत्र लिहायचं का सुचलं. फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस. कागद तसा ठेवता येत नाही. फेकला तरी आधी हातात घ्यावा लागतो. माझं अक्षर सांभाळून घे. शाळेत शिकले त्याहून जास्त मी मासळी गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर शिकले, त्यामुळे प्रत्येक ओळीला थोडा तारलीचा वास येणारच.

इथे सगळं ठीक आहे. म्हणजे सगळं बंद आहे. आपल्या किनाऱ्यावर एक खुर्ची नाही. बोट येते, पण तिच्यातून माणसं उतरत नाहीत, पिठाची पोती उतरतात. खिसाबाईच्या भाड्याच्या खोल्या बंद. कोस्मासच्या किनाऱ्यावरच्या छत्र्या अजून गोदामातच, वटवाघळांसारख्या उलट्या टांगलेल्या. माझी लेक अथेन्सला अडकली आहे. फोन करते आणि मी जेवले का विचारते. खाणावळ चालवणाऱ्या बाईला जेवलीस का विचारतात, असे दिवस आलेत.

मी जेवते. चणे शिजवते ते मात्र अजून मोठ्याच पातेल्यात. लहान पातेलं घरात आहे, पण हात तिकडे वळत नाही.

तुझी बहीण,
आसिमिना


२० एप्रिल, ईस्टरचा सोमवार

प्रिय अर्गिरिस,

ख्रिस्त उठला. रिवाजाप्रमाणे तू 'खरोखर उठला' म्हटलंस असं मी धरून चालते.

यंदा चर्च बंद. पाद्रीबाबांनी एकट्याने आत प्रार्थना म्हटली आणि आम्ही आपापल्या गच्चीवर मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. माझी मेणबत्ती वाऱ्याने विझली. शेजाऱ्याकडून ज्योत घ्यायची तर जवळ जायला बंदी. मग स्वयंपाकघरातल्या गॅसवर पेटवली. देवाला कळलं असेल, त्याच्याकडेही यंदा कामगार कमी आहेत.

लाल अंडी मी रंगवली. फोडायला समोर कुणी नाही, म्हणून उजव्या हातातलं डाव्या हातातल्यावर आपटलं. डावा हात जिंकला. त्याला मी काही दिलं नाही.

पण मला सांगायचं ते वेगळंच. गुरुवारी मी चुना कालवला. ईस्टरच्या आधी अंगणाला चुना नाही लावला तर बाबा कबरीतून उठून कुंचा मागतील. खाणावळीची पायरी झाली, ओटा झाला. मग आपल्या रेघेचे दगड. तू ते दगड आपल्या हातांनी मांडलेस, मिर्तो तेव्हा ब्रिगिटेच्या कडेवर होती. "इकडचं तुझं, तिकडचं माझं, आणि माझ्या बाजूला कुणी ऑलिव्ह खायलासुद्धा बसायचं नाही." तू हॉटेलवाल्याला विकायचं म्हणालास, मी नाही म्हणाले, आणि बाबांची खाणावळ दोन झाली. चूल माझ्याकडे आली, झाऊची तिन्ही झाडं आणि त्यांची सावली तुझ्याकडे गेली. तेव्हापासून दर वर्षी मी त्या दगडांना माझ्या बाजूने चुना लावते. तुझ्या बाजूने ते उघडेच असतात.

यंदा दगड झाले आणि बादलीत चुना उरला. समोर पहिलं झाड. आठवतं ना? बाबा दर ईस्टरला तुला त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभा करायचे आणि तुझ्या डोक्यापर्यंत चुना मारायचे. गावातली माणसं हसायची की थानासिसच्या झाडाचा झगा दर वर्षी वाढतो. तू गेल्यापासून त्या बुंध्याला कुणी हात लावलेला नाही. नुसता काळा, खपल्या पडलेला. माणसं नाहीत, गिऱ्हाइकं नाहीत, नुसतं ते झाड आणि मी. किती वेळ बघणार एकमेकांकडे?

पण रेघ ओलांडायची नाही. मग वेळूच्या लांब काठीला कुंचा बांधला, दगडांच्या माझ्याच बाजूला उभी राहिले आणि हात लांब करून चुना मारायला लागले. निम्मा झाडाला, निम्मा मला.

तेवढ्यात लाम्ब्रोस आला. तू त्याला ओळखत नाहीस, मुख्य भूमीवरून आलेला नवा पोलीस, मिशी अजून नीट फुटायची आहे. आमच्याकडे घराबाहेर पडायचं तर फोनवरून कारणाचा आकडा पाठवायचा, नाहीतर चिठ्ठी लिहून खिशात ठेवायची. मी चिठ्ठीवाली.

"मावशी, चिठ्ठी दाखवा."

दाखवली.

"कारण चार? गरजू माणसाच्या मदतीसाठी? कोण गरजू?"

"माझा भाऊ."

"कुठे आहे?"

"जर्मनीत."

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाला, "आणि काठी कशाला?"

"पलीकडची बाजू त्याची आहे. तिथे पाय ठेवायचा नाही."

"इथे तर कुणीच नाही, मावशी."

"मी आहे ना."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "कारण सहा लिहा, व्यायाम. चार लिहिलंत तर साहेब मला वेड्यात काढतील." पोरगं चांगलं आहे. जाताना त्याला लाल अंडं दिलं.

तर पहिल्या झाडाला चुना लागला आहे. तुझ्या कपाळापर्यंत, माझ्या आठवणीप्रमाणे. लांबून मारल्यामुळे रेघ वाकडी आली, डावीकडे उतरली. बाकीच्या दोन झाडांपर्यंत काठी पोचली नाही.

आसिमिना


२१ मे

प्रिय अर्गिरिस,

आता कामाचं लिहिते. हे पत्र तरी पूर्ण वाच.

येत्या सोमवारपासून खाणावळी उघडायला परवानगी मिळाली. आत बसायचं नाही, सगळं बाहेर, आणि टेबलांमध्ये अंतर. मी टेबलं धुतली, खुर्च्यांना निळा रंग दिला, ऑक्टोपस वाळत घालायची दोरी बांधली. काल नगरपालिकेचा स्ताथिस मोजपट्टी घेऊन आला. तो वाकून मोजतो आणि मी मागून बघते, जसा शिंपी मयताचं माप घेतोय.

"आसिमिना मावशी, हे उचला. हेही. आणि ते खांबाजवळचं."

"अरे, मग राहिलं काय?"

"तीन."

"तीन टेबलांवर मी चूल पेटवू? चुलीला लाज वाटेल."

तो माझा धर्मपुत्र आहे, त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून मी वर काढलं. त्यालाच वाईट वाटत होतं. पलीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिकडे मोकळं पडलंय, सावलीही आहे. तिथे टाका, मी आत्ता मोजून देतो."

"ती जागा अर्गिरिसची."

"मग त्याच्याकडून लिहून घ्या. कचेरीला दोन ओळी पुरतात."

म्हणून लिहिते. तुझी जागा मला नको. ह्या एका उन्हाळ्यापुरती टेबलं टाकू दे. हिवाळ्यात उचलेन, वाळूत पायाचा ठसाही ठेवणार नाही. आजवर मी तिथे कुणाला बसू दिलेलं नाही. एकदा एक डच पाहुणा भर उन्हात खुर्ची ओढत झाऊखाली गेला, तर मी त्याच्या पुढ्यातली ताटली उचलून आणली. तो समजला की इथला कायदाच तसा आहे. पुढच्या वर्षी त्याने आपल्या बायकोलाही बजावलं.

अर्गिरिस, मी आता चौऱ्याहत्तरची आहे. या वयात चूल एक उन्हाळा थंड राहिली की पुन्हा पेटत नाही. चुलीला नाही, हातांना विसर पडतो. बाबांची चूल माझ्या हातून विझू नये, एवढंच मागते आहे. तुला मला लिहायचं नसेल तर स्ताथिसच्या कचेरीला लिही.

आसिमिना


७ जुलै

प्रिय अर्गिरिस,

उत्तर आलं नाही. टपाल हळू चालतं, ठाऊक आहे. मी तीन टेबलांवर उघडलं.

एक तारखेपासून विमानं येऊ लागली. पहिल्या दिवशी आम्ही सगळे किनाऱ्यावर नटून उभे होतो, लग्नाची वरात यायची असावी तसे. खिसाबाईने खोल्यांत लव्हेंडरच्या जुड्या ठेवल्या. कोस्मासने छत्र्या लांब लांब रोवल्या, एकमेकींशी भांडल्यासारख्या. संध्याकाळी एक जोडपं आलं. दोन बाटल्या पाणी घेतलं आणि निघून गेलं.

गंमत बघ. मी टेबलांसाठी रडत होते आणि आता ही तीनही भरत नाहीत. दुपारची ती झाऊची सावली इकडे सरकते, माझ्या रेघेपर्यंत येते आणि तिथेच थांबते. उन्हाचे चटके बसले की येणारी माणसं तिच्याकडे बघतात आणि शेजारच्या गावच्या मोठ्या हॉटेलात जातात.

कोस्मास रोज टोचतो. "टाक की दोन टेबलं पलीकडे! तुझा भाऊ काय जर्मनीतून दुर्बीण लावून बसलाय?"

"त्याला दिसत नाही. मला दिसतं."

"तू मेलीस की त्या दगडांखालीच पुरतो तुला."

"माझ्या बाजूला पूर हो. मोजून."

हसलो दोघं. पण तो बोलायला आला होता दुसरंच. त्याने छत्र्या विकल्या, शेजारच्या गावच्या हॉटेलला. खुर्च्या, गाद्या, सगळं. आता मुलाकडे सालोनिकीला जाणार. चाळीस उन्हाळे मी त्या माणसाशी भांडले. आता कुणाशी भांडू?

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, लिहिते. मुख्य भूमीवरचा एक गृहस्थ येऊन गेला. पांढरे बूट, वाळूतही पांढरे. त्याला आपल्या दोन्ही बाजू हव्या आहेत. म्हणाला, "आजी, तुमच्या भावाशी बोलणं झालंय. त्यांची ना नाही. तुमचंच अडलंय."

मी त्याला कॉफी दिली. बिनसाखरेची.

खरं आहे का रे हे? खरं असेल तर तूच सांग. परक्याच्या तोंडून कळायला नको. आपलेच दात, आपलेच ओठ, तरी दुखतंच.

आसिमिना


१६ ऑगस्ट

प्रिय अर्गिरिस,

काल पानागियाचा, आपल्या मरियामातेचा सण. दर वर्षी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. यंदा वाजंत्री नाही, नाच नाही. चर्चमध्ये लांब लांब उभं राहून आलो. हिल्डाबाईंचं पत्र आलं, त्या दर वर्षी सणाला येतात, कोपऱ्यातल्या टेबलावर. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलंय. लिहितात, "माझं टेबल दुसऱ्याला देऊ नका." नाही दिलं. मागायला कुणी आलंच नाही.

तारल्या खूप मिळाल्या होत्या. मांजरांनी सण साजरा केला.

पहिल्या झाडाचा चुना उन्हाने तडकलाय. मी काही विचारत नाही.

आसिमिना


४ ऑक्टोबर

प्रिय अर्गिरिस,

आता मी जे लिहिते ते हसत लिहिते की रडत, ते अक्षरावरून ओळख.

मी खुर्च्या आत घेत होते. दक्षिणेचा वारा सुटलाय, शेवटची विमानं जाऊन आठवडा झाला. चुलीवर झाकण ठेवलं होतं, आणि खरं सांगते, पुन्हा काढायचं मनात नव्हतं. पांढऱ्या बुटांनी पाठवलेला विक्रीचा कागद टेबलावर होता. सही केलेली नव्हती. पेन मात्र शेजारी ठेवलं होतं.

तेवढ्यात स्ताथिस धापा टाकत आला, मास्क हनुवटीवर.

"मावशी! जर्मनीहून आलंय. कचेरीच्या नावाने."

तुझं पत्र ऑगस्टमध्ये लिहिलेलं, पोचलं काल. वाटेत कुठे उन्हाळा घालवून आलं देव जाणे. मी हात पुसले. चष्मा सापडेना. म्हटलं, तूच वाच.

त्याने सरकारी आवाजात वाचलं. "'मी खाली सही करणारा अर्गिरिस थानासिसचा, माझ्या वाट्याच्या जागेत माझी बहीण आसिमिना हिला टेबलं टाकायला परवानगी देतो. ही जागा मी कुणाला विकलेली नाही, विकायची नाही, आणि पांढरे बूट घालणाऱ्या कुणाशीही माझं बोलणं झालेलं नाही.'"

स्ताथिस थांबला. "पांढरे बूट? हे काय आहे, मावशी?"

"तू पुढे वाच."

"'अट एकच. पहिल्या झाडाला वेळूच्या काठीने चुना मारल्यामुळे रेघ डावीकडे उतरली आहे. ती जवळ जाऊन, नीट सरळ करून घ्यावी. उंची कपाळापर्यंत नव्हे, डोक्यापर्यंत. कळावे.'"

त्याने कागद उलटा करून पाहिला. "त्याला कसं कळलं रेघ वाकडी आहे? इथे तर तो आलेलाच नाही."

मी खुर्चीवर बसले. खुर्ची आत न्यायची होती ते विसरले.

तू माझी पत्रं वाचलीस. मी ऊन, मांजरं, तारल्या काय वाटेल ते खरडत होते, समुद्रात दगड टाकल्यासारखं. आणि तू ओळ न् ओळ वाचत होतास. मला एक शब्द लिहिला नाहीस, आणि कचेरीला माझ्या चुन्याची तक्रार केलीस! काठीने पाणी दुभंगत नाही, ते हेच का रे? पाणी नाही दुभंगलं, पण पाण्याला बोलायला किती वर्षं लागली.

"आता काय उपयोग," स्ताथिस म्हणाला. "हंगाम तर संपला."

"तू मोजपट्टी आणलीस का?"

"आहे खिशात."

"मग मोज."

आणि आम्ही टेबलं बाहेर काढली. आत नेलेलीही. रेघेपाशी आले तेव्हा माझा पाय उचलेना. स्ताथिस पलीकडून हात देत होता, मी म्हटलं, थांब, माझी मी येते. दगड घोट्याएवढे, रे. घोट्याएवढेच आहेत. इतकी वर्षं मला ते छातीपर्यंत वाटायचे.

सगळी टेबलं झाऊखाली मांडली, नियमाप्रमाणे लांब लांब. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. आम्ही दोघं दोन टेबलांवर बसलो आणि मी चणे वाढले. मोठ्या पातेल्यातले. लाम्ब्रोस गस्तीवर आला, तोही तिसऱ्या टेबलावर बसला. म्हणाला, "मावशी, आज कारण कोणतं लिहू?" मी म्हटलं, "पाच. लग्न, बारसं, जे काय असतं ते." तुझ्या बाजूला वारा कमी लागतो. हे मला ठाऊक नव्हतं.

पांढऱ्या बुटांच्या कागदावर चणे वाढताना तेल सांडलं. ते पुसलं नाही.

आज सकाळी चुना कालवला. दुसरं आणि तिसरं झाड जवळ जाऊन रंगवलं, मोजून, सरळ. रेघेच्या दगडांना तुझ्या बाजूनेही लावला. बघायला चांगले दिसतात. पण पहिलं झाड मी तसंच ठेवलंय, वाकडंच. तू लिहितोस, डोक्यापर्यंत. कोणत्या डोक्यापर्यंत? गेलास तेव्हाच्या पस्तीस वर्षांच्या की आताच्या अडुसष्टच्या? म्हातारपणी माणूस आखडतो, मी स्वतः ओट्याएवढी झाले आहे. बुंध्याला पाठ लावून उभा राहणारा माणूस लागतो, त्याशिवाय उंची कशी घेणार? तेव्हा अट मी मोडली आहे. तक्रार असेल तर करावी, पण कचेरीकडे नाही.

रोगाचं काय होईल ते होईल, बोटी केव्हा मोकळ्या होतील त्या होवोत. ईस्टरच्या आधी मी चूल पेटवणार आहे. हिल्डाबाईंना कळवलंय की तुमचं टेबल आता सावलीत आहे.

गुडघ्यांना जप. ब्रिगिटेला, मिर्तोला, दोन्ही पोरांना माझे मुके. कचेरीला लिहिलंस तसं आता मला लिही. दोन ओळी पुरतात. तुझी उंची किती, आणि केव्हा येतोस. चुना वाळायच्या आत लिही.

वाट बघणारी तुझी बहीण,
आसिमिना